रस्त्यापलीकडचे सबनीस

सबनीस मास्तर गेल्याची बातमी मला धारच्या बाजारात, भाजी घेताना कळली. सांगणारा देवासचा होता, त्यांचा जुना विद्यार्थी. बातमी सांगून तो थांबला असता तर मीही चार शब्द नीट बोललो असतो. पण त्यानं पुढे जोडलंच, "असा इंग्रजीचा मास्तर देवासनं दुसरा पाहिला नाही." आता त्याच देवासात, त्याच रस्त्यावर, त्याच काळात मीही इंग्रजीच शिकवत होतो की नाही? मी काय पाट्या पुसत होतो? बरं, गेलेल्या माणसावरून भांडायचं तरी कोणाशी? मी भेंडीचे पैसे दिले आणि घरी आलो.

तेव्हा आता मीच लिहितो. सबनिसांना मानणारे पुष्कळ होते, पण माझ्याइतकं त्यांच्याकडे निरखून कोणी पाहिलं नसेल. मला त्यांचा हेवा वाटे. अजूनही वाटतो. त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. माझ्या जागी कोणीही असता तरी त्याचं हेच झालं असतं.

ज्यानं देवास पाहिलेलं नाही त्याला आधी तिथली तऱ्हा सांगायला हवी. आमच्या एका गावात राज्यं दोन. एक थोरली पाती आणि एक धाकटी पाती. पूर्वी कधी दोघा भावांनी वाटणी केली, ती जहागिरीपुरती न राहता गावाच्या गल्लीबोळांतून गेली. मोठ्या रस्त्याची टेकडीकडची बाजू थोरल्या महाराजांची, समोरची धाकट्या महाराजांची. थोरल्या पातीनं रस्त्यावर दिवे लावले की महिन्याभरात धाकट्या पातीचे दिवे लागत. इकडे हत्ती आला की तिकडे हत्ती येई. आणि याची उलटी बाजूही होती. एका पातीनं एखादा खर्च बंद केला की दुसरी म्हणे, त्यांना नको तर आम्हांलाच कशाला? की तोही बंद. माझं आणि सबनिसांचं पोट या एका चालीवर चालत होतं.

झालं असं की थोरल्या पातीनं आपल्या शाळेत इंग्रजीसाठी इंदूरहून सबनिसांना आणलं. लगेच धाकट्या पातीलाही इंग्रजीचा मास्तर हवासा झाला. मी तेव्हा रिकामा होतो, अर्ज केला. कारभाऱ्यांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, व्याकरण विचारतील, एखादा उतारा वाचायला देतील. त्यांनी एवढंच विचारलं, "सबनिसांना किती येतं?" मी म्हटलं, मला कल्पना नाही. ते म्हणाले, "तेवढंच तुम्हांला येतं ना?" मी हो म्हटलं आणि माझी नेमणूक झाली. म्हणजे सुरुवातच अशी. सबनीस होते म्हणून मी होतो.

पगार त्यांच्याइतका, सुट्ट्या त्यांच्याइतक्या. खुर्चीसुद्धा त्यांच्यासारखी हवी म्हणून आमच्या बाजूचा सुतार रस्ता ओलांडून त्यांची खुर्ची पाहून आला. सबनिसांच्या खुर्चीचा डावा हात कधीतरी मोडला होता आणि दुरुस्त करताना तो चार बोटं खाली बसला होता. सुताराला हुकूम होता की हुबेहूब करायची. त्यानं सागवानाची नवीकोरी खुर्ची केली आणि तिचा डावा हात इमानानं चार बोटं खाली बसवला. मी तक्रार केली तर कारभारी म्हणाले, आता तुमचा वर केला तर थोरल्या पातीला त्यांचा वर करावा लागेल, कशाला नसती कटकट? देवास सोडेपर्यंत मी डाव्या अंगाला कलून बसलो. सबनीसही तसेच बसत. फरक एवढाच की त्यांना ते शोभत असे.

घंटेचीही तीच कथा. दोन्ही शाळा अगदी समोरासमोर, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढा रस्ता. अगोदर घंटा कोणी द्यायची? जो मागून देईल तो धाकटा ठरायचा. म्हणून आमचा भेरू शिपाई आणि त्यांचा शिपाई दोघे हातोडी उगारून एकमेकांच्या हाताकडे बघत उभे राहत. दोघांनाही एकदमच मारायची असे, त्यामुळे कोणीच मारत नसे आणि ऊन वर येई. शेवटी सबनीस आपल्या खिडकीतून डोकं काढून मोठ्यानं शिंकत, आणि त्या शिंकेवर दोघेही ठोका देत. पुढेपुढे ती शिंकच शाळेची घंटा झाली. त्यांना तपकिरीचं व्यसन होतं, शिंक हुकमी येई. गावातली माणसं त्या शिंकेवर स्वैपाकाला लागत. मला सांगा, अशा माणसाच्या समोर बसून कोणी काय शिकवावं?

दिसायला ते उंच, जरा पोक काढून चालणारे. पगडी नेहमी थोडी मागे गेलेली. बायको फार लवकर गेली, मूलबाळ नाही, स्वतःच्या हातानं खिचडी शिजवून खात. म्हणून आमच्या कुटुंबाला त्यांचा पुळका. घरी दालबाफले, म्हणजे डाळीबरोबर खायचे कणकेचे भाजलेले गोळे, केले की सगळ्यांत खरपूस बाफले तुपात बुडवून आधी रस्त्यापलीकडे जात. मी एकदा म्हटलं, मलाही तूप आवडतं. ती म्हणाली, "तुम्हांला करून घालणारी आहे हो." आणि डबा परत आला की त्यात सबनिसांचा काही ना काही निरोप असायचाच. बाफल्यांना आज ओव्याचा वास फार छान होता, असं काहीतरी. इतक्या वर्षांत बाफल्यांत ओवा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण तो ओळखला नाही याबद्दल मला मात्र ऐकून घ्यावं लागलं.

आता त्यांच्या शिकवण्याकडे येतो. येणं भाग आहे.

इंग्रजीत 'वर्थ' म्हणून एक शब्द आहे. अगदी साधा, रोजचा, पानोपानी येणारा. मी माझ्या वर्गाला सांगे, वर्थ म्हणजे किंमत, योग्यता, लायकी, लिहून घ्या. मुलं लिहून घेत. मग वाक्य करा म्हटलं की 'धिस हॉर्स इज वर्थ' इथपर्यंत येत आणि घोडा तिथेच उभा राही. सबनीस वर्गात 'किंमत' हा शब्दच काढत नसत. ते आपला पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवत आणि विचारत, "समोर काय?" मुलं म्हणत, समोर रुपया. "आणखी?" समोर अमुक शेर जवारी. "आणि ऐन उन्हाळ्यात वाट चुकलात, घसा कोरडा पडलाय, आणि तांब्या भरलेला आहे. आता समोर काय?" मुलं विचारात पडत. मग कोणी म्हणे बैल, कोणी म्हणे शेत. तेव्हा ते सांगत की इंग्रज हा शब्द एकटा सोडत नाही, त्याच्यापुढे काहीतरी मांडतो. हे इतक्या रुपयांच्या मोलाचं, हे वाचण्याच्या मोलाचं, हे तंगड्या तोडत जाऊन बघण्याच्या मोलाचं. कसलंच नाव पुढे न घेता नुसतं 'मोलाचं' म्हणून जाऊ नका, एवढा त्यांचा धडा. 'समोर काय' हे त्यांचं पालुपद सगळ्या गावाच्या तोंडी बसलं. आमच्या घरात भाजी निवडतानासुद्धा ऐकू येई. मी तेव्हा शाळेची खिडकी लावून घेत असे. उकडलं तरी.

एकदा हाटाच्या दिवशी ते सगळा वर्ग घेऊन बाजारात गेले. एक म्हातारी जंगलाकडून सीताफळांची टोपली घेऊन आली होती. सबनिसांनी तिला भाव विचारला नाही. एका सीताफळासमोर तू पैशाशिवाय काय घेशील, असं विचारलं. म्हातारीनं त्यांना पगडीपासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "थारा छोरा होण के कै, म्हारी टोपली उठई दे, एक यूंज ली ले." तुमच्या पोरांना सांगा, टोपली डोक्यावर चढवून द्या आणि एक फुकट घ्या. मुलांच्या आधी सबनीसच वाकले, टोपली उचलली, त्यांची पगडी सीताफळांत पडली, आणि सगळा हाट हसला. सगळ्यांत मोठ्यानं ते स्वतः हसले. त्या वर्गातला एकही मुलगा जन्मात 'वर्थ' विसरला नाही. एका सीताफळाचं मोल म्हणजे एक टोपली उचलणं.

थोरल्या पातीचा वर्ग हाटात गेला म्हटल्यावर धाकट्या पातीचाही जायला हवा. मला तसा हुकूमच आला. पुढच्या हाटाला मी मुलांना घेऊन गेलो आणि त्याच म्हातारीला तोच प्रश्न केला. ती म्हणाली, "एक गेल्यो कम थो कई?" एक वेडा कमी होता का, असं. माझा वर्गही हसला. पण ते हसणं निराळं होतं, त्यातला फरक मला कळतो.

अशी वर्षं गेली. मग धारचं निघालं. धारच्या दरबाराला राजघराण्यातल्या मुलांसाठी इंग्रजीचा शिक्षक हवा होता. पगार दुपटीहून जास्त, तलावाच्या बाजूला राहायला घर. तिथले कारभारी दाजीसाहेब स्वतः देवासला येऊन दोन्ही मास्तरांचं शिकवणं ऐकणार होते. सबनिसांच्या 'वर्थ'ची कीर्ती धारपर्यंत गेलेली, म्हणून त्यांनी अगोदर निरोप पाठवला की दोघांनी तोच शब्द शिकवावा. एकाच वेळी, म्हणजे कोणाचं आधी ऐकलं म्हणून पाती रुसायला नको.

यात काय पणाला लागलं होतं ते गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. दोघांतला एक धारला जाणार. तो गेला की त्याची पाती ती जागा भरणार नाही, कारण दोन्हीकडे हात आखडलेलेच होते, आणि ती भरली नाही की समोरची पातीही आपल्या मास्तराला घरी बसवणार. एक चढणार आणि दुसऱ्याची भाकरी जाणार. माझ्या घरी चार मुलं आणि म्हातारी आई. हे सगळं खरं. पण खरं सांगायचं तर मला धारचा पगार नको होता, तलाव नको होता. मला एकदा, फक्त एकदा, सबनिसांच्या वरचढ ठरायचं होतं.

मी मऊला गेलो. तिथल्या छावणीत एक म्हातारा पाद्री होता, त्याच्याकडे दोन माणसांनी उचलावा असा जाडजूड इंग्रजी कोश होता. त्यानं मला सकाळपासून दुपारपर्यंत बसू दिलं. मी 'वर्थ' काढला. नेहमीचे अर्थ ओलांडून खाली गेलो, बारीक अक्षरात शब्दाची जुनी कुळकथा दिली होती तिथपर्यंत, आणि वाचता वाचता माझ्या अंगावर काटा आला. मी कोश मिटला, पाद्रीबुवांना नमस्कार केला आणि कोणाला काही न सांगता परत आलो. कुटुंबालाही सांगितलं नाही, डब्यातून निरोप गेला असता.

दाजीसाहेब आले. आता त्यांना बसवायचं कुठे? एका शाळेत बसवलं तर दुसरीचा अपमान. अखेर त्यांची खुर्ची रस्त्याच्या मधोमध, बरोबर हद्दीवर मांडली. ऊन लागू नये म्हणून थोरल्या पातीचा शिपाई एका अंगानं छत्री धरून उभा आणि दुसऱ्या अंगानं आमचा भेरू. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या दोन्हीकडे खोळंबल्या. सबनीस शिंकले, घंटा झाली, आम्ही दोघांनी सुरुवात केली.

आधीचा बराच वेळ त्यांचाच होता. त्यांचं "समोर काय?" आणि मुलांची एका सुरातली उत्तरं यांत माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. दाजीसाहेबांची खुर्ची पलीकडे तोंड करून होती, मला त्यांच्या पगडीची मागची बाजू दिसत होती. माझ्या मुलांचंही लक्ष तिकडेच. मग मी पुस्तक मिटलं आणि आवाज चढवला.

मी म्हटलं, बाळांनो, हा शब्द फार जुना आहे, इंग्रजांचे पूर्वज जर्मन मुलखातून आले तेव्हाचा. आणि त्या जुन्या काळी त्याच्या मुळाचा अर्थ किंमत असा नव्हताच, असं पंडित म्हणतात. अर्थ होता 'समोर'. एखाद्या गोष्टीच्या समोरचं, तिच्याकडे वळलेलं. दोन वस्तू समोरासमोर ठेवल्या, एक दुसरीच्या तोडीची निघाली, म्हणून पुढे त्याचा अर्थ मोल झाला. आणि काहींचा असा तर्क आहे, छातीठोक कोणी सांगत नाही, की आपल्या संस्कृतातल्या वृत् धातूशी त्याचं दूरचं नातं असावं. ज्यातून आपलं वर्तुळ आलं, आवर्तन आलं, परतणं आलं. म्हणजे आपण ज्याच्याकडे तोंड वळवतो त्याला मोल येतं.

हे मी बोलत असतानाच पलीकडचा आवाज बंद पडला. पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग तिकडून बाकं सरकल्याचा आवाज आला आणि पाहतो तर सबनिसांचा अख्खा वर्ग त्यांच्या खिडकीशी गोळा झालेला, सगळी तोंडं माझ्याकडे. दाजीसाहेब उठले. त्यांनी आपल्या हातानं खुर्ची फिरवली आणि माझ्या खिडकीकडे तोंड करून बसले. भेरू छत्री घेऊन गोल फिरला. सबनिसांचा वर्ग त्यांच्या हातातून सुटला, असं मी मनाशी म्हटलं. पोरं जागा सोडून खिडकीशी पळाली आणि मास्तरांना ती आवरता आली नाहीत. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

धारची जागा मला मिळाली. संध्याकाळी सबनीस आमच्याकडे आले, तोंड गोड करून गेले. जाताना म्हणाले, "तो कोश कुठे आहे हो?" मी म्हटलं, मऊला आहे, फार जड आहे. ते हसले.

पुढे गाव म्हणत होतं तेच झालं. मी गाडी भरली त्याच महिन्यात माझी जागा बंद झाली आणि मागोमाग त्यांची. सबनीस बागलीला गेले. तिथल्या ठाकुरांनी मुलांसाठी एक लहानशी शाळा काढली होती, तिथे ते शिकवू लागले. आमचं कुटुंब धारला नव्या घरात पहिले बाफले करताना म्हणालं, "बागलीला त्यांना कोण करून घालत असेल?" मी म्हटलं, तिथे ठाकूर आहेत, उपाशी ठेवत नाहीत.

धारला माझं बरं चाललं होतं. मुलं राजघराण्यातली, वाह्यात नव्हती. मांडूला जायची तेव्हा मला घेऊन जात. देवासचं कोणी भेटलं की मी मुद्दाम सबनिसांची चौकशी करत असे, वरच्या पायरीवरून करतात तशी. ते सुख मला पहिल्या दसऱ्यापर्यंत लाभलं.

दसऱ्याच्या पंगतीत दाजीसाहेब माझ्या शेजारी बसले होते. बोलता बोलता म्हणाले, "मास्तर, आम्ही तेव्हा सबनिसांनाच न्यायला आलो होतो. ठरल्यासारखंच होतं. दोघांचं ऐकणं हा देवासकरांसाठी देखावा." ते सांगत गेले. त्यांची खुर्ची सबनिसांच्या खिडकीसमोर होती, त्यांना आतलं सगळं दिसत होतं. माझं ते जुन्या अर्थाचं सुरू झालं तेव्हा सबनीस बोलता बोलता थांबले. खडू खाली ठेवला. आणि आपल्या वर्गाला म्हणाले, "उठा, तिकडे वळा. समोर ऐका." पोरं पळाली नव्हती. त्यांनी पाठवली होती. स्वतः ते पोरांच्या मागे हात बांधून उभे राहिले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले. "मग आम्ही विचार केला," दाजीसाहेब वरणात लिंबू पिळत म्हणाले, "सबनिसांसारखा माणूस ज्याच्याकडे तोंड वळवतो, तो न्यावा."

पंगतीत श्रीखंड होतं. मला ते गेलं नाही. सगळ्या जन्मात मी एकदा त्यांच्यावर मात केली होती, तीही त्यांनीच मला दिलेली निघाली. नेमणूक त्यांच्यामुळे, खुर्ची त्यांच्यासारखी, आणि आता हेही त्यांचंच. माझी चार मुलं आणि म्हातारी आई पाहून ह्या गृहस्थांनी आपली भाकरी माझ्या पदरात टाकली आणि वर मला कळूही दिलं नाही, असा मी अर्थ लावला, आणि माझा जो संताप झाला तो मला अजून आठवतो. उपकार करणाऱ्या माणसाचा हेवा करायचीसुद्धा चोरी होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी बागलीला गेलो, भांडायला. घरी सांगितलं भेटायला जातो. कुटुंबानं तेवढ्यासाठी लाडवांचा डबा बांधून दिला. देवासपासून पुढे छकडा केला. बागलीच्या अलीकडून जंगल सुरू होतं, ते तसंच उदयनगरकडे पसरत जातं. गावाच्या कडेला शाळा होती, एक लांब ओसरी आणि समोर मोकळं आवार. सबनीस एका तिपाईवर बसून शिकवत होते. खुर्ची नव्हती, पण बसले होते डाव्या अंगाला कलून.

मला पाहून ते उठले, पगडी मागे सरकली. मुलांना पाढे म्हणायला लावून आम्ही ओसरीच्या टोकाला बसलो. मी लाडू दिले. त्यांनी डबा उघडून वास घेतला, वेलदोडा बेताचा आहे म्हणाले. मी म्हटलं, सबनीस, मी धारला सगळं ऐकलं. तुम्ही वर्ग का वळवलात? तुम्हांला कोणी सांगितलं होतं माझी दया करायला?

"दया कसली, वामनराव?" ते म्हणाले. त्यांनी डबी काढली, चिमूट घेतली, पण ओढली नाही. "मला तुमचा हेवा वाटला. जन्मभर मी पोरांना समोर काय, समोर काय विचारत आलो. आणि ते त्या शब्दाच्या पोटातच होतं, हे मला ठाऊक नव्हतं. ते तुम्हांला सापडलं. इतका हेवा वाटला की माझं पुढचं वाक्यच गेलं. मग म्हटलं, निदान ऐकू तरी नीट."

मी विचारलं, "आणि नोकरी?"

"ती घरी गेल्यावर आठवली," ते म्हणाले, आणि शिंकले.

आता या माणसाशी भांडायचं तरी काय? त्यांना माझा हेवा वाटावा म्हणून मी उन्हाळ्यात खिडक्या लावून घेतल्या होत्या, मऊची वाट तुडवली होती. आणि तो वाटला तर त्यांनी तो चिमटीतल्या तपकिरीबरोबर सांगून टाकला. बरं, वाटल्यावर त्यांनी काय केलं? मी खिडकी लावत असे, त्यांनी वर्ग वळवला. तेव्हा मला त्यांच्या हेव्याचाही हेवा वाटला.

डबी मिटून ते आवाराकडे बघत म्हणाले, "इथे तसं सगळं ठीक आहे हो. पोरं गुणी आहेत. पण समोर कोणी नाही. बोललो की आवाज सरळ झाडीत जातो." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. पण त्यांना मी पहिल्यांदाच एकटं पाहिलं. देवासला ते एकटेच राहत, पण एकटे कधी दिसले नव्हते.

मग ते एकदम उठले आणि मुलांना म्हणाले, आज धारचे मास्तर शिकवतील. मी नको नको म्हणत होतो. त्यांनी मला तिपाईवर बसवलं आणि स्वतः मागे जाऊन पोरांच्या रांगेत गोणपाटावर मांडी घातली, पगडी काढून गुडघ्यावर ठेवली. मी काय शिकवलं ते आता आठवत नाही. ऋतूंची नावं असावीत. ती पोरं ऐकत होती ती धारच्या मास्तराचं म्हणून, ते मला कळत होतं. पण मागे तो म्हातारा ऋतूंची इंग्रजी नावं अशी ऐकत होता की जणू आजपर्यंत कोणी त्याला ती सांगितलीच नव्हती. दरबारात, पंगतीत, घरात माझं तसं कोणीही ऐकलेलं नाही. आणि मीही कोणाचं ऐकलेलं नाही. मला ते येतच नाही.

ऊन उतरलं तसा मी निघालो. ते वाटेपर्यंत पोचवायला आले नाहीत, वर्ग अजून सुटायचा होता. छकडा आवाराबाहेर पडून खालच्या नाल्याकडे वळला तेव्हा मी सहज मागे पाहिलं. सबनिसांनी तिपाई फिरवली होती. सगळी पोरं रस्त्याकडे तोंड करून उभी होती आणि त्यांच्या मागे ते, हात बांधून, बोडक्या डोक्यानं, माझ्याकडे बघत. धारला रात्र पडायच्या आत पोचणं तसंही होणार नव्हतं. गाडीवान बैलांना चुचकारत होता. नाला जवळ आला, त्यापुढे झाडीच होती.

मी त्याला म्हटलं, "भिया, जरा धीरे चला."